‘मे महिन्यात कान बसवून घ्यावा का?’ – उजवा कान अपुरा असलेल्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या पूर्व भागात राहणाऱ्या एका ताईंची मुलगी चार वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या उजव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी वळकटी आणि खाली पाळीचा तुकडा आहे, कानाचं छिद्र नाही. डावा कान छान आहे. घराला लागून यंत्रमागाची शेड आहे. जूनपासून मुलगी शाळेत जाणार, तिथे सक्तीच्या दोन वेण्या, म्हणजे कान उघडा पडणार. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन उरकावं असं घरात चाललं आहे. त्या विचारतात: आत्ता करावं का, केल्यावर त्या कानाने ऐकू येईल का, सातव्या महिन्यात ग्रहण लागलं असताना मी भाजी चिरली त्यामुळे हे झालं का, आणि सासूबाई दोन्ही कान टोचायचं म्हणतात ते चालेल का.

ताई, असे कान घडवण्याची ऑपरेशनं करणारी डॉक्टर म्हणून सांगते, मे महिन्यात ऑपरेशन नको. मे महिन्यात दुसरं एक काम करा आणि त्याला मात्र उशीर नको: तिच्या दोन्ही कानांची ऐकण्याची तपासणी. कानाचा आकार थांबू शकतो. ऐकणं आणि बोलणं थांबत नाही, मेंदूची ती वर्षं निघून जातात.

पण ग्रहणाचं आधी बोलते, कारण चार वर्षं तुम्ही ते मनात धरून बसलेल्या दिसता. पोटातल्या बाळाचा बाहेरचा कान पाचव्या-सहाव्या आठवड्यात आकार घ्यायला लागतो. जबड्याच्या भागात दोन कमानी असतात, त्यांच्यावर तीन-तीन असे सहा बारीक उंचवटे येतात. ते सरकत, एकमेकांत मिसळत कान तयार होतो, आणि तिसरा महिना संपेपर्यंत त्याचा मुख्य आकार झालेला असतो. तुम्ही भाजी चिरलीत सातव्या महिन्यात. तोवर तुमच्या लेकीचा कान, जसा आज आहे तसा, होऊन गेलेला होता. विळीने नाही झालं, सुरीने नाही झालं, लोहाच्या गोळ्यांनीही नाही. काही मोजकी औषधं कारण ठरू शकतात, उदाहरणार्थ मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन, किंवा फार पूर्वीचं थॅलिडोमाइड. आईची साखर ताब्यात नसेल तरी धोका थोडा वाढतो. बहुतेक घरांत मात्र बोट ठेवावं असं काहीच सापडत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा. हवं तर त्यांना घेऊनच या, मी स्वतः सांगते.

साधारण सहा ते आठ हजार जन्मांमागे एका बाळाला असा कान असतो. याला मायक्रोशिया म्हणतात. बहुतेकांना एकाच बाजूला, त्यातही उजवीकडे जास्त, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांच्या वर होती. म्हणजे जिल्ह्यात अशी माणसं शेकड्यांनी असणार. ती दिसत नाहीत, कारण कोणी पदर घेतं, कोणी टोपी घालतं, कोणी केस वाढवतं. मोहोळकडचा एक पोरगा माझ्याकडे यायचा. न्हाव्याकडे खुर्चीत बसायच्या आधी तो त्याच्या कानात सांगायचा, ‘डाव्या बाजूला मशीन लावायची नाही हं काका.’ वय सात.

आता ऐकण्याचं. बाहेरचा कान आणि आतला कान वेगवेगळ्या भागांतून घडतात, त्यामुळे बाहेरचा कान अपुरा असला तरी आतली शंखासारखी नळी आणि तिची नस बहुधा चांगली असते. घरातली माणसं जागी आहेत, दार मात्र चिणलेलं आहे, अशी ही स्थिती. छिद्रच नसेल तर त्या बाजूला साधारण 40 ते 60 डेसिबलची घट असते. शेजारी बसून कोणी नेहमीच्या आवाजात बोललं तर त्या कानाला ते कुजबुजीसारखं किंवा त्याहून कमी लागतं. बेरा नावाच्या तपासणीत मूल झोपेत असताना डोक्याला तारा चिकटवून हे मोजता येतं, हवेतून येणारा आवाज वेगळा आणि हाडातून जाणारा वेगळा. ती आपल्या सोलापुरात होते. खरं तर जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच व्हायला हवी होती. कोणी सांगितलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही, पण आता पुढे ढकलू नका.

आणि डावा कान ‘छान आहे’ हे दिसण्यावरून म्हणू नका. दिसायला सुरेख कान कमी ऐकणारा असू शकतो. चार वर्षांच्या मुलांना सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचतं आणि महिनोन्‌महिने राहतं. दोन कान असलेल्या मुलाचं त्याने फारसं बिघडत नाही. तुमच्या लेकीची सगळी भिस्त त्या एकाच कानावर आहे. म्हणून डाव्या कानात तेल घालायचं नाही, काडी घालायची नाही, कान दुखला तर दोन दिवस वाट बघायची नाही.

मागाचंही ऐका. चालू मागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या पुढे असतो. एका कानाने ऐकणाऱ्या मुलाला शांत खोलीत फारसं अडत नाही, गोंगाटात मात्र शब्द सुटतात आणि आवाज कुठल्या बाजूने आला हे कळत नाही. तुम्ही लिहिलं आहे, ‘हाक मारली की भलतीकडेच बघते.’ ते खट्याळपण नाही. एकाच कानाने दिशा कळत नाही म्हणून ती तसं करते. शेडमध्ये तिला खेळायला सोडू नका, एक तर बोलणं ऐकू येत नाही आणि दुसरं, तो आवाज रोज झेलून चांगला कानही झिजतो. घरात बोलताना तिच्या समोर या, तोंड दिसू द्या. शाळेत बाईंना सांगा, तिला पुढच्या बाकावर, वर्गाच्या उजव्या हाताला बसवा, म्हणजे डावा कान बाई आणि वर्ग दोन्हींकडे राहील. रस्ता ओलांडताना हात धरा. उजवीकडून येणारी रिक्षा तिला ऐकू येते ती कुठून तरी.

तपासणीत गरज दिसली तर हाडातून आवाज पोचवणारं श्रवणयंत्र मिळतं. लहान वयात ते डोक्याला लावायच्या मऊ पट्ट्यावर बसवतात, त्याला ऑपरेशन लागत नाही. पुढे साधारण पाच वर्षांनंतर हाडात बारीक स्क्रू बसवून त्यावर यंत्र लावता येतं. तसं काही करायची वेळ आली तर ईएनटीच्या, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एक गोष्ट नक्की सांगा: पुढे इथे कान करायचा आहे, स्क्रू त्या जागेपासून मागे आणि दूर ठेवा. दोन्ही कान बंद असलेल्या मुलाला तर असा पट्टा पहिल्या काही महिन्यांतच लागतो, नाहीतर बोलणंच मागे पडतं.

आम्ही करतो तो कान ऐकण्याचा नसतो, हे पहिल्या भेटीतच सांगते. आकार येतो, छिद्र येत नाही. बंद छिद्र उघडण्याचं ऑपरेशन वेगळं, ते ईएनटीवाले करतात आणि ते प्रत्येक मुलाला जमण्यासारखं नसतं. पाच-सहा वर्षांच्या वयात सीटी स्कॅन काढून आतली बारीक हाडं, मधल्या कानाची पोकळी, चेहऱ्याच्या नसेची वाट बघतात आणि दहापैकी गुण देतात. गुण चांगले असतील तरच विचार. एका बाजूचा कान चांगला असेल तर पुष्कळदा ते न करण्याकडेच माझा कल असतो, कारण उघडलेलं छिद्र पुन्हा आकसतं आणि वाहत राहतं. करायचं ठरलंच, तर आधी कान, मग छिद्र. उलट केलं तर कानामागच्या कातडीत व्रण पडतो आणि आमच्या हाती काही उरत नाही.

त्याच भेटीत बालरोगतज्ज्ञांना सगळं मूल एकदा बघू द्या: जबडा एका बाजूला बारीक आहे का, डोळ्याच्या बुबुळाकडेला गाठ आहे का, मणका सरळ आहे का. मूत्रपिंडाची सोनोग्राफी एकदा करून ठेवावी. जबडा लहान असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असलेलं बरं.

आता मूळ प्रश्न: कान कधी आणि कसा.

त्या शेंगदाण्याभोवतीची, केस नसलेली, कोरी कातडी ही तुमच्या लेकीची पुंजी आहे. मोठ्या माणसाचा कान सहा-साडेसहा सेंटीमीटर उंच असतो, आणि तेवढ्या कानाला पांघरायला एवढीच कातडी मिळते. तिच्यावर कोणीही, काहीही करू नये. बार्शीकडून एक मूल आलं होतं. कुठेतरी एका डॉक्टरांनी ‘ही गाठ वाईट दिसते’ म्हणून ती वळकटी कापून टाके घातले होते. अर्ध्या तासाचं काम असणार. त्या मुलाचा कान करताना मला डोक्याच्या बाजूचं कातडीखालचं पातळ आवरण उलटवून आणावं लागलं, वर मांडीची कातडी लावावी लागली. दोन ऑपरेशनांची चार झाली, आणि रंग शेवटपर्यंत जुळला नाही.

कानाचा सांगाडा बरगडीच्या कूर्चेतून करतात. छातीच्या पुढच्या बाजूला बरगड्या हाडाच्या नसतात, त्या लवचिक कूर्चेच्या असतात, ज्याला आम्ही कार्टिलेज म्हणतो. तिची रुंदी आणि लांबी पुरेशी व्हावी लागते. म्हणूनच थांबायचं. 1959 मध्ये अमेरिकेच्या टँझर यांनी बरगडीतून कान घडवण्याची पद्धत नीट बसवली, पुढे ब्रेंट यांनी ती सुधारली. जपानच्या नागाता यांनी 1993 मध्ये हे काम दोन टप्प्यांवर आणलं. त्यांचा हिशेब साधा आहे: वय दहाच्या आसपास, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी घेर निदान 60 सेंटीमीटर. शिंप्याच्या टेपने मी हा घेर मोजते आणि आपल्याकडच्या किडकिडीत मुलांना कधी अकरावं वर्षही उजाडतं.

हा आकडा मी पोथीतला म्हणून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका आठ वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन मी त्याच्या वडिलांच्या आग्रहाखातर केलं. घेर कमी होता, हे मला माहीत होतं. बरगडी हातात आली ती पेन्सिलीएवढी. तिच्यातून कड काढली तर पाया उरेना, पाया केला तर कडेला उठाव येईना. आज तो मुलगा कॉलेजात आहे. कान आहे, चष्मा राहतो, पण वरची कड सपाट आहे आणि चांगल्या कानापेक्षा तो कान थोडा लहान राहिला. दोन वर्षं थांबले असते तर तो वेगळा झाला असता. तेव्हापासून टेप काय सांगते ते मी आई-वडिलांच्या समोरच मोठ्याने वाचते.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे बाहेर बसून तुम्हाला अंदाज राहील. आदल्या दिवशी एक्स-रेच्या जुन्या फिल्मचा तुकडा डाव्या कानावर धरून त्याची रेघ उमटवायची. तो तुकडा उलटा केला की उजवा कान मिळतो. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूवरून मोजून कानाची उंची, मागे झुकण्याचा कोन ठरवायचा, कातडीवर खुणा करायच्या. दुसऱ्या दिवशी छातीवर लहानसा छेद घेऊन सहाव्या ते नवव्या बरगडीच्या कूर्चेचे तुकडे काढायचे. बरगडीवरचं पातळ आवरण जागेवर ठेवलं तर पुढे छातीला खड्डा कमी पडतो. ही कूर्चा दिसायला ओल्या नारळाच्या कापासारखी असते, पांढरी, ओलसर, थोडी निळसर झाक असलेली. बाजूच्या टेबलावर सलाईनने भिजवत ती कोरायची: सहावी आणि सातवी जिथे जोडलेली असते त्या रुंद तुकड्याचा पाया, आठवीची लांब काडी वाकवून वरची कड, उरलेल्यातून आतली दोन फाट्यांची घडी आणि छिद्रासमोरचं बारीक बोंड. केसाएवढ्या पोलादी तारेने हे सगळं एकमेकांना बांधायचं. तासन्‌तास जातात. तुम्हाला बाहेर वेळ लांबला असं वाटेल, पण कोरण्यात घाई करता येत नाही.

मग कातडीखाली खिसा करून सांगाडा आत सरकवायचा. त्या वेळी तो नुसता फुगवटा दिसतो, कान वगैरे काही नाही. खाली दोन बारीक नळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतून हवा ओढून घेतली की सैल कातडी हळूहळू आत खेचली जाते आणि कान उमटतो. आधी वरची कड, मग घडी, मग मधली वाटी. 22 वर्षं झाली, त्या अर्ध्या मिनिटात मी अजूनही बोलत नाही.

त्या नळ्या चार-पाच दिवस राहतात आणि त्या चालू राहणं हे ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं आहे. खाली रक्त साचलं तर कातडी उचलली जाते आणि आकार बुजतो. पहिले दोन दिवस कानापेक्षा छाती जास्त दुखते, खोकताना उशी धरायला सांगतो. सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर दुसरा टप्पा: डोक्याला चिकटलेला कान मागून सोडवून पुढे आणायचा, मागे कूर्चेची पाचर द्यायची, तिच्यावर आवरण आणि कातडी लावायची. तेव्हा कुठे कानामागे चष्म्याची काडी बसते. कोरोनाच्या काळात या मुलांना मास्क अडकवायला जागा नव्हती. एका आईने टोपीला दोन बटणं शिवून त्यात मास्क अडकवला होता, तो उपाय मी नंतर कितीतरी घरांना सांगितला.

काय बिघडू शकतं? पू होऊ शकतो. कातडी एखाद्या ठिकाणी काळी पडून तुरीच्या डाळीएवढी कूर्चा उघडी पडू शकते. ते लगेच दाखवलं तर बहुधा सावरता येतं, आठवडाभर घरी हळद लावत बसलं तर सांगाडा जातो. बरगडी काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला छिद्र पडू शकतं, ते तिथेच शिवतात. केसांची रेघ खाली असेल तर नव्या कानाच्या टोकावर केस येतात, ते लेझरने काढावे लागतात. काहींना व्रण जाड उठतो. आणि नवा कान घट्ट असतो, चांगल्या कानासारखा दुमडत नाही. आरशात दोन्ही कान तंतोतंत सारखे दिसतील असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. दोन हातांवरून समोरून बघणाऱ्याला वेगळं काही जाणवू नये, एवढं आम्ही धरून चालतो.

मे महिना मला आणखी एका कारणाने नको वाटतो. आपल्याकडे तेव्हा 42-43 अंश असतं. डोक्याला पट्टी, घामाने ओली, वीज गेली की पंखा बंद. नव्या कानाला सुरुवातीला जाणीव नसते, उन्हात चटका बसला तरी मुलाला कळत नाही. दिवाळीची सुट्टी धरावी, दुसरा टप्पा पुढच्या दिवाळीला.

थांबायचं नसेल तर दुसरे मार्ग आहेत, त्यांचंही खरं सांगते. सच्छिद्र पॉलिइथिलीनचा तयार सांगाडा मिळतो. बरगडी काढावी लागत नाही, शाळेच्या आधीही करता येतं. पण ती परकी वस्तू आहे. चेंडू लागला, खरचटलं, तर ती आयुष्यात कधीही उघडी पडू शकते, मोडू शकते, आणि तोवर डोक्यावरचं आवरण वापरून झालेलं असतं. खेळत्या मुलांना मी तो सहसा सुचवत नाही, तरी चांगल्या हातांनी केलेले असे कानही मी बघितले आहेत. सिलिकॉनचा चिकटवायचा कान दिसायला हुबेहूब असतो. सोलापूरच्या घामात तो सुटतो, रंग उडतो, काही वर्षांनी नवा घ्यावा लागतो. ज्यांची कातडी भाजलेली आहे त्यांना तो उपयोगी. उंदराच्या पाठीवर उगवलेल्या कानाचा फोटो मला पालक अजून पाठवतात. तो 1997 चा आहे, आणि तो गाईच्या कूर्चेच्या पेशी साच्यावर वाढवून केलेला आकार होता. 2022 मध्ये अमेरिकेत रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून थ्री-डी प्रिंटरवर छापलेला कान बसवला गेला, पण ते संशोधन आहे. तुमच्या हातात सहा वर्षं आहेत, तोवर काय होतं ते बघू. म्हणूनही ती कातडी कोरी ठेवायची.

कुठे करायचं? जो डॉक्टर हे कान नियमित करतो त्याच्याकडे, मग पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी. त्यांना विचारा, असे किती कान केले, आणि वर्षभरानंतरचे फोटो मागा. टाके काढल्याच्या दिवशीचे नकोत. मी हे कान करते, तरी मलाही हेच विचारा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटून, कुठला भाग योजनेत बसतो ते लेखी विचारून घ्या.

शाळेचं राहिलं. दोन वेण्यांसाठी मुख्याध्यापिकांना जाऊन भेटा, वेण्या कानावरून खाली घेऊन बांधल्या तर कोणाचं काही बिघडत नाही. पण घरात तिचा कान सारखा झाकत बसू नका. कोणी विचारलं तर तिला एक वाक्य शिकवा: ‘माझा हा कान जन्मापासून छोटा आहे.’ ते वाक्य बिनधास्त म्हणणारी मुलं मी बघितली आहेत, विचारणारा पुढच्या मिनिटाला लगोरी खेळायला जातो. आणि नऊ-दहाव्या वर्षी कान हवा का, हे तिलाही विचारू. ज्या मुलाला स्वतःला हवा असतो ते नळ्या, पट्ट्या, छातीचं दुखणं सगळं निभावून नेतं. नको म्हणाली तर नको, तेही चालतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. डाव्या कानाची पाळी खुशाल टोचा, मऊ पाळीतच, वर कूर्चेत नाही. उजवीकडे त्या तुकड्याला सुई लावू नका. पहिल्या टप्प्यात तोच तुकडा खाली फिरवून आम्ही त्याची पाळी करतो, त्याला भोक किंवा गाठ नको. दुसऱ्या टप्प्यानंतर वर्षभराने, ती पाळी मुरली की, तिथे टोचता येतं. सोनाराकडून डूल जोडीनेच करून घ्या. उजवीकडचं डब्यात ठेवा, मऊ कापडात गुंडाळून.